मागणी वक्र भलतीकडेच सरकतो? आलेख दुरुस्त करण्याचा क्रम

आधी लक्षणं सांगते. यातलं एकही तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या वहीत दिसत नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

– पुस्तकातली आकृती न बघता काढता येते, पण आकडे बदलून तक्ता दिला की पेन्सिल थांबते.
– प्रश्नात 'किंमत वाढली' एवढं दिसलं की लगेच दुसरा मागणी वक्र (कुठल्या किमतीला किती नग मागितले जातात ते दाखवणारी रेषा) काढला जातो.
– 'पुरवठा वाढला' म्हटलं की पुरवठा वक्र वर ढकलला जातो.
– उत्तर गोल फिरतं : मागणी वाढली, म्हणून किंमत वाढली, म्हणून मागणी घटली, म्हणून किंमत घटली... आणि शेवटी सगळं होतं तिथेच.
– संपूर्ण अलवचीक मागणीची (किंमत काहीही झाली तरी नग तेवढेच) रेषा उभी यायला हवी, ती आडवी येते.
– सीमांत उपयोगिता (आणखी एका नगातून मिळणारं जादा समाधान) ऋण झाली तरी वक्र आडव्या अक्षापाशी येऊन टेकतो, खाली जातच नाही.

अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवताना मी हीच सहा दुखणी वर्षानुवर्षं बघते आहे. मुलं हुशार असतात, आकृत्या सुबक असतात, टोकदार पेन्सिलीने काढलेल्या असतात. दोष बहुतेक वेळा वक्रात नसतोच. अक्षांवर काय लिहिलंय ते वाचलेलं नसतं, तिथे असतो. पण म्हणून एकदम तिथेच हात घालू नका. आधी फुकटातल्या गोष्टी तपासा, कारण निम्म्या वह्या तिथेच दुरुस्त होतात.

आकृतीचा आकार

मुलं आकृती काडेपेटीएवढी काढतात. वहीच्या उजव्या कोपऱ्यात, उत्तर लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत. तेवढ्या जागेत जुना छेदबिंदू (मागणी आणि पुरवठा वक्र जिथे छेदतात तो) आणि नवा छेदबिंदू यांच्यात दोन मिलिमीटरचं अंतर राहतं. मग किंमत वाढली की घटली हे आकृतीवरून दिसत नाही, मूल ते आठवून लिहितं, आणि आठवणीत चूक होते. आकृतीला अर्धं पान द्या, आणि ती उत्तराच्या आधी काढा. आलेख कागद स्टेशनरीच्या दुकानात सुटा मिळतो. सरावापुरते पंधरा-वीस कागद आणले की झालं.

जुना वक्र सलग रेषेने आणि नवा तुटक रेषेने काढा. रंगांवर भिस्त ठेवू नका. लाल आणि हिरवा यांत फरक न दिसणारी मुलं, विशेषतः मुलगे, दर काही वर्षांनी एखादा तरी वर्गात असतोच, आणि बरेचदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. फळ्यावर मी लाल-हिरव्या खडूने दोन वक्र काढले आणि एक मुलगा 'मॅडम, दुसरा कुठाय?' म्हणाला, तेव्हापासून मी तुटक रेषेवर आले.

वक्र झाका, अक्ष वाचा

ही तपासणी एका मिनिटाची आहे. आकृतीतले वक्र तळहाताने झाकायचे आणि फक्त दोन अक्ष मोठ्याने वाचून दाखवायचे. 'उभ्या अक्षावर किंमत.' कशाची? 'वडापावची.' किती नगांची? 'एका नगाची, रुपयांत.' 'आडव्या अक्षावर मागणी.' किती काळातली? इथे शांतता पसरते.

मागणीला काळ लागतो. दिवसाला चाळीस वडापाव आणि आठवड्याला चाळीस वडापाव हे दोन वेगळे वक्र आहेत. एककांचंही तसंच. आमच्याकडे, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-लासलगाव या कांद्याच्या पट्ट्यातली मुलं कांद्याचा भाव क्विंटलमध्ये ऐकतच मोठी होतात, पण आकृती काढताना घरातल्या खरेदीचा किलो डोक्यात असतो. मग उभ्या अक्षावर २००० येतं आणि आडव्या अक्षावर दोन किलो. १०० किलोंचा एक क्विंटल, हे सगळ्यांना पाठ आहे. पण अक्षावर एकक लिहिलेलंच नसेल तर चूक दिसणार कुठे?

अक्ष धडपणे वाचता येत नसतील तर पुढे जाऊ नका. बाकी सगळं यावरच उभं आहे.

तक्त्यातला डावा स्तंभ कुठे जातो

हा दोष फार लबाड आहे. तो महिनोन्‌महिने दडून बसतो, म्हणून यावर जरा थांबते.

समजा तक्ता असा आहे. वडापावची किंमत १०, १५, २०, २५, ३० रुपये, आणि दिवसाची मागणी अनुक्रमे ५०, ४०, ३०, २०, १० नग. गणितात मूल शिकून आलेलं असतं की आधी दिलेला आकडा क्ष अक्षावर, नंतरचा य अक्षावर. त्यात आणखी एक : जी गोष्ट आपण बदलतो ती आडव्या अक्षावर, तिचा परिणाम उभ्या अक्षावर. या हिशेबाने किंमत आडवी जायला हवी. अर्थशास्त्रात मात्र ती उभ्या अक्षावर असते. मूल तक्ता सरळ गणिताच्या सवयीने मांडतं आणि अक्षांना नावं मात्र पुस्तकातली देतं.

आता गंमत बघा. असा उलटा मांडलेला मागणी वक्रही डावीकडून उजवीकडे उतरतोच! पुरवठा वक्रही चढतोच. त्यामुळे शिक्षक लांबून बघतात, 'उतार बरोबर' म्हणतात आणि सही करतात. दोष पकडला जातो तो संपूर्ण अलवचीक मागणीला. किंमत १०, २०, ३० झाली तरी मागणी २० नगच. बरोबर मांडली तर उभी रेषा, उलटी मांडली तर आडवी. मुलाला वाटतं लवचिकतेचा धडाच कळला नाही. प्रत्यक्षात बिघाड ऑगस्टमधला असतो, दिसतो तो नोव्हेंबरात.

किंमत उभ्या अक्षावर का, हे मुलांना सांगून टाकावं. नुसतं 'असंच असतं' म्हटलं तर ती विसरतात. १८३८ साली फ्रान्समधले अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी मागणीचा वक्र काढला तेव्हा किंमत आडव्या अक्षावरच होती, आजच्या मुलांच्या सवयीप्रमाणे. इंग्लंडमध्ये अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी प्रश्न उलटा विचारला : इतके नग बाजारात आले तर गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती किंमत द्यायला तयार होईल? तिथे नगसंख्या आधी येते आणि किंमत मागून. १८९० सालचा त्यांचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आणि किंमत उभ्या अक्षावर कायमची बसली. म्हणजे गणित शिकवणारे सर चुकलेले नाहीत आणि पुस्तकही चुकलेलं नाही. मुलं हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतात, असा माझा अनुभव आहे.

दुरुस्ती सोपी आहे. तक्त्याच्या किमतीच्या स्तंभावर पेन्सिलीने उभा बाण काढायचा, नगांच्या स्तंभावर आडवा बाण. मगच पहिला ठिपका द्यायचा.

प्रमाण

प्रमाणाचा दोषही असाच छुपा. तक्त्यातले आकडे मूल अक्षावर एकेका चौकटीच्या अंतराने उतरवतं, आकड्यांमध्ये फरक कितीही असो. १०, १५, २५, ४० हे चार आकडे सारख्या अंतरावर! आडव्या अक्षावरही तेच. असं केलं की किंमत वाढताना मागणी घटते असा जगातला कुठलाही तक्ता घ्या, सरळ रेषाच येते. पंचेचाळीस अंशांची, देखणी आणि चुकीची. एखाद्या वहीत सगळे मागणी वक्र जुळ्या भावांसारखे दिसत असतील तर हाच रोग समजा.

प्रमाण आधी कोपऱ्यात लिहायचं : य अक्ष १ सेमी = ५ रुपये, क्ष अक्ष १ सेमी = १० नग. शून्यापासून सुरुवात करायची. जागा पुरत नसेल तर अक्षावर नागमोडी खूण करून मधले आकडे वगळता येतात, पण ती खूण हवीच. नाहीतर ४५ वरून ५० वर गेलेला भाव दुप्पट झाल्यासारखा दिसतो. वर्तमानपत्रांतल्या आलेखांमध्ये हे नेहमी आढळतं, तिथेही आधी उभा अक्ष शून्यापासून निघतो का ते बघायची सवय लावा.

रस्ता हलला की गाडी पुढे गेली

आता मुख्य दुखणं. इथवरच्या तपासण्या जमल्या असतील तरच इकडे या.

वर्गात मी विचारते : वडापाव २० चा २५ झाला, आकृतीत काय होईल? दहातले सात हात वर जातात, 'मागणी वक्र डावीकडे सरकेल!' कारण भाव वाढला की मागणी घटते, आणि मागणी घटली की वक्र डावीकडे. दोन्ही वाक्यं त्यांनी पाठ केलेली आहेत. त्या दोन वाक्यांतला 'मागणी घटते' हा शब्दप्रयोग मात्र दोन वेगळ्या अर्थांचा आहे.

यात आपल्या बोलण्याचाही दोष आहे. पुस्तकात चार वेगळे शब्द नीट दिलेले असतात : विस्तार आणि संकोच, वृद्धी आणि ऱ्हास. पण बोलताना आपण सगळ्यालाच 'मागणी वाढली', 'मागणी घटली' म्हणतो. मीही म्हणते. मग मूल हे चार शब्द व्याख्यांसाठी पाठ करतं आणि आकृती बोलण्यातल्या दोन शब्दांवर काढतं.

यावर एकच प्रश्न विचारायचा : जी गोष्ट बदलली, ती अक्षावर लिहिलेली आहे का?

किंमत बदलली. किंमत अक्षावर आहे. मग वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावरून एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत जातो. २० रुपयांना ३० नग, २५ रुपयांना २० नग. हा संकोच. एसटी घाटातून वर गेली, घाट तिथेच आहे.

पाऊस पडला, कॉलेज सुटलं, शेजारी वडापावची दुसरी गाडी लागली, लोकांचा पगार झाला. यातलं काहीही अक्षावर नाही. मग प्रत्येक किमतीला नगांचा आकडा नव्याने लिहावा लागतो, आणि नवा आकडा म्हणजे नवा वक्र. घाटच दुसरीकडे बांधला. ही वृद्धी किंवा ऱ्हास.

नुसतं ऐकून हे मुरत नाही, तक्ता करूनच मुरतं. वरच्याच वडापावला पुरवठ्याचे आकडे जोडू : १० रुपयांना १० नग, १५ ला २०, २० ला ३०, २५ ला ४०, ३० ला ५०. मागणी आणि पुरवठा २० रुपयांना ३० नगांवर जुळतात. आता जुलैतला धो धो पाऊस. प्रत्येक किमतीला मागणी २० नगांनी वाढली : ७०, ६०, ५०, ४०, ३०. जुन्या २० रुपयांना गिऱ्हाईकं ५० वडापाव मागतायत आणि गाडीवर आहेत ३०. वीस नगांचा तुटवडा. किंमत चढते. २५ रुपयांना मागणी ४०, पुरवठा ४०. थांबली.

गोल फिरणारं उत्तर नेमकं इथे सरळ करता येतं. मूल म्हणतं, 'पण मॅडम, किंमत वाढल्यावर मागणी ५० ची ४० झाली ना? म्हणजे घटलीच की!' बरोबर आहे, घटली. पण कुठल्या वक्रावर? नव्या. ५० ते ४० हा नव्या वक्रावरचा संकोच आहे, त्याने वक्र परत डावीकडे येत नाही. आणि पुरवठा ३० चा ४० झाला, तो पुरवठ्यातला विस्तार. पुरवठा वक्राला कुणी हातही लावलेला नाही. एक घटना घडली, एक वक्र हलला, दोन ठिकाणी चालणं झालं. मुलाच्या हातात पेन्सिल देऊन हे तिन्ही आकृतीत बोटाने दाखवायला लावा. बोट वक्र सोडून हवेत गेलं तर अजून कळलेलं नाही.

वर म्हणजे वाढ नव्हे

पुरवठा वक्राचा गोंधळ 'वर' आणि 'उजवीकडे' यांच्यातला. मागणी वक्र उजवीकडे सरकला की तो वरही दिसतो, त्यामुळे तिथे चूक खपून जाते. पुरवठा वक्र उजवीकडे सरकला की खाली दिसतो. मूल म्हणतं, खाली म्हणजे घट. झाला घोळ.

नियम ठेवायचा की वाढ-घट नेहमी आडव्या अक्षावर मोजायची, कारण नग तिथे आहेत. डावीकडे घट, उजवीकडे वाढ, दोन्ही वक्रांना. 'वर-खाली' हे शब्द महिनाभर वर्गातून हद्दपार करा.

एकच अपवाद मी ठेवते, तो कराचा. नगामागे ५ रुपये कर लागला तर २० रुपयांना विकणाऱ्याच्या हातात १५ च उरतात, म्हणून तो १५ रुपयांना आणायचा तेवढेच, म्हणजे २० नग आणतो. पुरवठा वक्र ५ रुपयांनी वर गेला, आणि तीच गोष्ट म्हणजे १० नगांनी डावीकडे गेला. नवा छेद साडेबावीस रुपयांना २५ नगांवर येतो. पाच रुपये कर लागूनही किंमत अडीचच रुपयांनी वाढली, हे बघून मुलं चक्रावतात. त्या चक्रावण्याचा फायदा घ्यावा. आलेख कागदावर अर्धी चौकट मोजून ते स्वतः शोधलं की मग ते विसरत नाहीत.

कांदा, आणि बाजार कोणता

इथवर आलेल्या मुलांना मी एक प्रश्न देते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. डिसेंबरातली बंदी आकृतीत दाखवा.

वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो मागणी वक्र डावीकडे. दुसरा म्हणतो पुरवठा वक्र उजवीकडे. भांडण जोरात होतं, कारण निम्म्यांच्या घरी तेव्हा कांदा होता. दोघंही बरोबर असू शकतात. आपण कुठला बाजार काढतोय हेच आकृतीवर कुणी लिहिलेलं नसतं.

लासलगावच्या बाजार समितीचा बाजार काढला तर निर्यातीसाठी घेणारे व्यापारी मागे हटले, प्रत्येक भावाला मागणी कमी झाली. मागणीचा ऱ्हास. पुण्या-मुंबईतला किरकोळ बाजार काढला तर बाहेर जाणारा माल इकडे वळला, प्रत्येक भावाला माल जास्त. पुरवठ्यात वृद्धी. भाव दोन्हीकडे खालीच येतो. नगसंख्या मात्र उलट दिशांना जाते, पहिल्या आकृतीत कमी आणि दुसरीत जास्त. नुसता भाव विचारला असता तर कोण चुकलं ते कधीच कळलं नसतं.

एखादी चुणचुणीत मुलगी पुढे विचारते, 'पण भाव पडला म्हणून शेतकरी कांदा थोडाच घरात ठेवणार?' डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो साठवणुकीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, विकावाच लागतो. म्हणून त्या आठवड्यांपुरता लासलगावचा पुरवठा वक्र जवळजवळ उभा काढा. मागणी डावीकडे सरकली की नग फारसे बदलत नाहीत, सगळा तडाखा भावावर बसतो. उभ्या रेषेचा अर्थ आमच्याकडच्या मुलांना पुस्तकातल्या मिठाच्या उदाहरणापेक्षा इथे जास्त लवकर कळतो.

प्रत्येक आकृतीखाली बाजाराचं नाव आणि काळ लिहायची सवय लावा. एक ओळ. तेवढ्याने अर्धी भांडणं मिटतात.

उतार आणि लवचिकता

'चपटा वक्र लवचीक, उभट वक्र अलवचीक' हे वाक्य मी आता वर्गात वापरत नाही. एकाच आलेखावर, एकाच प्रमाणात, एकाच छेदबिंदूतून जाणारे दोन वक्र असतील तर ते चालतं. एरवी फसवतं. वडापावचाच तक्ता क्ष अक्षावर १ सेमी = १० नग घेऊन काढा आणि मग १ सेमी = २ नग घेऊन काढा. आकडे तेच, पण पहिली रेषा उभट आणि दुसरी चपटी. गिऱ्हाईकं काही प्रमाणपट्टी बघून वागत नाहीत.

आणि सरळ रेषेवर उतार सगळीकडे सारखा असला तरी लवचिकता सारखी नसते. १० वरून १५ ला गेलात तर किंमत ५० टक्क्यांनी वाढते, मागणी ५० ची ४० म्हणजे २० टक्क्यांनी घटते. लवचिकता, म्हणजे मागणीतला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल, ०.४. २५ वरून ३० ला गेलात तर किंमत २० टक्के वाढते, मागणी २० ची १० म्हणजे ५० टक्के घटते. लवचिकता २.५. रेषा तीच. गल्ल्याचा हिशेब करून पडताळा : १० ला ५००, १५ ला ६००, २० ला ६००, २५ ला ५००, ३० ला ३०० रुपये. खालच्या भागात भाव वाढवून गल्ला वाढतो, वरच्या भागात घटतो.

ऋण सीमांत उपयोगिता

याला एकच औषध. आडवा अक्ष कागदाच्या तळाशी काढू नका, खाली एक तृतीयांश जागा सोडा. एकूण उपयोगिता १०, १८, २४, २८, ३०, ३०, २८ असेल तर सीमांत उपयोगिता १०, ८, ६, ४, २, ०, उणे २. शेवटचा ठिपका ठेवायला खाली जागाच नसते, म्हणून मूल त्याला अक्षावर आणून बसवतं. त्याला संकल्पना कळलेली असते, कागद संपलेला असतो. सहाव्या नगाला एकूण उपयोगिता सर्वात जास्त आणि सीमांत शून्य, हे एकाखाली एक दोन आकृत्या काढून उभ्या तुटक रेषेने जोडून दाखवा.

कुठे थांबायचं

वरचं सगळं चार-पाच बैठकांत व्हायला हवं. झालं नाही तर तेच तेच घोटत बसू नका. पुढच्या गोष्टी अर्थशास्त्राच्या शिक्षकाच्या हातातल्या नाहीत.

तीन बैठकांनंतरही १ सेमी = ५ रुपये घेऊन १७ रुपये कुठे येतील ते सांगता येत नसेल, तर अडचण गुणोत्तराची आहे. गणित शिकवणाऱ्यांकडे पाठवा, पंधरा दिवस आलेख बंद ठेवा.

फळ्यावरची आकृती उतरवताना चुकतं पण पुस्तकातली नीट उतरते, तर डोळे तपासून घ्या. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, पण चष्म्याची लाज वाटून मुलं सांगत नाहीत.

डावं-उजवं सतत उलट होतं, १५ चे ५१ होतात, आणि हे भूगोलात, घड्याळ बघताना, पैसे मोजतानाही होतं, तर घरी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी खास विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, म्हणून परीक्षेच्या तोंडावर धावू नका, अकरावीतच बघा. निदान तुम्ही किंवा मी करायचं नाही. 'हा आळशी आहे' हे निदान तर अजिबातच नाही.

आणि एक थांबा हुशार मुलांसाठी. गेल्या वर्षी एकाने बाजार समितीचे दोन महिन्यांचे आकडे आणले, रोजची आवक आणि रोजचा भाव. ठिपके दिले, मधून रेषा मारली आणि म्हणाला, 'मॅडम, हा कांद्याचा खरा मागणी वक्र.' मी त्याला विचारलं, या दोन महिन्यांत पाऊस झाला? सण आले? झाला, आले. मग दोन्ही वक्र रोज हलत होते आणि प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशीचा छेदबिंदू. त्यांतून मारलेली रेषा मागणीचीही नाही आणि पुरवठ्याचीही नाही. १९२७ साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ई. जे. वर्किंग यांनी हाच पेच मांडला होता. त्यातून मागणी वेगळी काढायची तर अर्थमिती, म्हणजे संख्याशास्त्राने आर्थिक आकडे तपासण्याचं शास्त्र लागतं, ते मला शिकवता येण्याइतकं येत नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयात पदवीला शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमचा नंबर त्याला दिला. आलेख कागद मात्र माझ्याकडेच ठेवून घेतला, पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी.